एक कॉक उघडा, एक बंद

क्रेनने बोट वर उचलली तेव्हा निम्मं बंदर धक्क्यावर जमलं होतं. रविवारी रात्री बुडताना तिला कोणी पाहिलं नव्हतं, त्याची भरपाई सगळे आता करत होते. खिडक्यांतून, दारातून पाणी धो धो पडत होतं आणि लोक त्या पाण्याच्या अगदी अंगाला भिडून उभे होते. एक जण तर धारेपासून हातभरावर चहात बिस्कीट बुडवून खात होता.

तपासनीसबाई त्या बिस्किटवाल्याकडे उगाच बघत राहिल्या. काहीतरी खटकलं होतं, पण काय ते सापडेना. बाईंना अशा वेळी एका जागी उभं राहवत नसे. त्या धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालू लागल्या.

"आधी मी जातो आत," एक आवाज आला.

आबा होते. बोट बांधणारे, आयुष्यभर चालवणारे, आणि मोठा मुलगा गेल्यावर ती सुनेच्या हाती देणारे. भर उन्हात पांढराशुभ्र सदरा. खिशातून रुमाल काढून त्यांनी बोटीच्या कठड्यावरचा चिखल पुसला, रुमालाची मळकी बाजू आत घेऊन घडी घातली आणि पाय उचलला.

बंदर-अधिकाऱ्याने त्यांना अडवलं. "आबा, नियम आहे. आधी आमचा माणूस, मग फोटो, मग मालक."

"माझी बोट आहे ती. कुठे काय आहे मला ठाऊक आहे. दोन मिनिटांत बाहेर येतो."

"म्हणूनच नाही."

अधिकाऱ्याचा माणूस आत गेला आणि लगेच बाहेर आला. "साहेब, भोक नाही, चीर नाही. संडासाचा कॉक उघडा आहे. नदीचा. आणि खटका पाण्यावर."

सगळ्या माना एकाच वेळी वळल्या. गर्दीच्या मागे सूनबाई उभी होती. तिने कोणाकडे पाहिलं नाही. ती आपल्या हातांकडे बघत होती.

घरातला संडास साखळी ओढली की काम संपवतो. बोटीतला तसा नव्हे. तिथे भांडं पाण्याच्या पातळीच्या खाली असतं, म्हणजे आपण बसतो ती जागा नदीपेक्षा ठेंगणी. भांड्याशेजारी हातपंप. पंपावर एक खटका: एका बाजूला केला की नदीचं पाणी भांड्यात येतं, दुसऱ्या बाजूला केला की भांडं कोरडं होऊन सगळा ऐवज टाकीत जातो. नदीत सोडायला मनाई. भिंतीलगत, शेजारी शेजारी, दोन कॉक. एक नदीचा, एक टाकीचा. काम झालं की खटका कोरड्यावर आणि दोन्ही कॉक बंद. नदीचा उघडा राहिला आणि खटका पाण्यावर राहिला, तर नदी हळूहळू भांडं भरते, मग खोली भरते, मग बोट. ना आवाज, ना घाई. पाहुण्याला बोटीवर बोलावलं की पाणी विचारायच्या आधी हे शिकवावं लागतं, आणि पाहुणा मान डोलावून विसरतो.

"संध्याकाळी सुनावणी आहे," अधिकारी बाईंना म्हणाला. "निष्काळजीपणाचं प्रकरण आहे. परवाना रद्द होईल. तुम्ही फक्त सही करा."

"फक्त सही करायला मला बोलावत नाहीत. मी तसा त्रास देते म्हणून लोक मला बोलावायचं टाळतात," बाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत बोट माझ्या ताब्यात."

•

सूनबाई बोलायला तयार होती, फक्त तिला बसायचं नव्हतं. बाईंना ते बरंच वाटलं. दोघी धक्क्यावरून चालत राहिल्या.

"बोटीवर शेवटचं कोण होतं?"

"मीच. शनिवारी संध्याकाळी. झाडलं, पुसलं, कुलूप लावलं."

"संडास वापरला?"

"हो."

"कॉक बंद केले?"

ती थांबली. "बाई, खरं सांगू? आठवत नाही. दारं लावताना आठवतं का आपल्याला? हात करतात ते. पण आठवत नाही म्हणजे केलं असं कसं म्हणू?"

"परवाना गेला तर?"

"वरच्या बंदरात शाळेच्या पोरांची ने-आण करायचं काम मिळालंय. मी आणि माझी पोरगी चिमी, दोघी याच बोटीवर राहणार होतो. पुढच्या आठवड्यात निघायचं होतं. परवाना गेला की तेही गेलं." ती नदीकडे बघू लागली. "पण तो भाग सोडा. मला दुसरंच खातंय. मी कॉक विसरले असेन, आणि पुढच्या आठवड्यात पोरगी आत झोपलेली असती तर? तुम्ही म्हणालात की चूक माझी, तर मी स्वतःच परवाना देऊन टाकेन. मला नक्की कळलं पाहिजे."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. अशी माणसं तपासात फार गैरसोयीची. स्वतःच्या विरुद्ध साक्ष देतात.

"टाकी कधी रिकामी केली होती?"

"नव्हती केली. निम्म्याच्या वर भरली होती. सोमवारी करणार होते."

"चावी कोणाकडे?"

"एक माझ्या कमरेला. दुसरी घरात दाराच्या मागे. घरातला कोणीही घेतो. मिस्त्रीसुद्धा घेऊन जातो."

•

धाकटा, म्हणजे सूनबाईचा दीर, स्वतःच बाईंना शोधत आला. इस्त्रीची पँट, हातात फोन, आणि चेहऱ्यावर दुःख, तेही इस्त्रीचंच.

"मी पहिल्यापासून सांगत होतो, मॅडम. वहिनीला बोट झेपणार नाही. विकून टाका म्हणालो. गिऱ्हाईक पण आणलं होतं."

"मग आता बुडालेली बोट विकणार?"

"आता कोण घेतंय." तो खरोखर हिरमुसला. "नुकसान आमचंच."

"रविवारी कुठे होतात?"

"घरी. झोपलो होतो. आबा बाहेर गेले होते फिरायला, वहिनी चिमीला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे. मला शांतता मिळाली म्हणून झोपलो. यात गुन्हा काय?"

"गुन्हा नाही. चला जरा आत."

बोट आता धक्क्यावर लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेली होती. आत फरशीवर नदीचा पातळ, पिवळट गाळ. संडासाची खोली कपाटाएवढी. बाईंनी दार उघडलं आणि बाजूला सरकल्या. सगळ्याची मोजमापं, फोटो झाले होते.

"समजा, तुमचं आटपलं. आता काय काय कराल ते करून दाखवा."

धाकट्याने पंपाचा दांडा धरला, उलटा ओढला, तो हलला नाही. मग त्याने खटका हलवला, परत हलवला. कॉककडे त्याने पाहिलंही नाही. "मी धक्क्यावरचाच वापरतो, मॅडम. हे असलं यंत्र लावून कोण बसणार?"

"लहानपण बोटीवर गेलं ना तुमचं?"

"म्हणूनच तर."

बाईंनी मनातल्या मनात त्याच्या नावापुढे फुली मारली. माणूस लोभी होता. पण लोभी माणूस आपलाच माल बुडवत नाही, आणि बुडवायचा तरी कसा हे याला ठाऊक नव्हतं.

तो गेल्यावर त्या तिथेच उभ्या राहिल्या. दोन कॉक, मध्ये वीतभरही अंतर नाही. नदीचा उघडा. टाकीचा बंद. चांगला आवळून बंद.

त्यांचा पाय चुळबुळायला लागला. हे नेहमीचं होतं. डोक्याच्या आधी पायाला कळायचं.

•

मिस्त्री आला तो पाने-पकडींची पिशवी आणि आधीच तयार केलेली सफाई घेऊन.

"पंपातलं रबर मी गेल्या आठवड्यात बदललं. काम चोख आहे. माझ्यावर येऊ नका."

"आले नाही अजून. टाकीचं झाकण उघडा."

"आत्ता? इथे?" मिस्त्रीने मान मागे घेतली. "बाई, बाहेर जाऊन उभ्या राहा. माझं नाक मेलेलं आहे, तुमचं जिवंत दिसतंय."

"उघडा."

त्याने झाकण फिरवलं, सवयीने श्वास रोखला आणि वाकला. मग हळूच श्वास सोडला. मग घेतला. मग चक्क खोल घेतला.

"काय झालं?"

"पाणी आहे." त्याने बॅटरी मारली. "नदीचं पाणी. हवेच्या नळीतून आत आलेलं. खाली काहीच नाही. आतून धुतलीय कोणी तरी."

"आतला मैला त्या हवेच्या नळीतून बाहेर वाहून गेला असेल?"

"करंगळीएवढी नळी आहे ती. हवा जाते, थोडं पाणी येतं. टाकीभर ऐवज त्यातून जायला लागला तर आम्ही उपाशी मरू."

आणि तेव्हा बाईंना तो बिस्किटवाला आठवला. धारेपासून हातभरावर उभा राहून खाणारा. बुडालेल्या बोटी त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. वर काढताना लोक लांब उभे राहतात, नाकाला पदर लावतात, शिव्या घालतात. इथे लोक चहा पीत होते. या बोटीला वासच नव्हता.

•

बंदरात मैला ओढून घेणाऱ्या यंत्रावर जो माणूस होता त्याला सगळे अत्तरवाला म्हणत. त्याला ते आवडायचं.

"या बाई. कुठला सुगंध दाखवू?"

"गेल्या आठवड्यात या बोटीची टाकी ओढलीत?"

"मी नाही ओढली."

"मग कोणी?"

"रविवारी मी पलीकडच्या मोठ्या बोटीवर होतो, लांबचा पाईप घेऊन. इथलं यंत्र लोक आपलं आपण चालवतात. लांबून दिसलं, ती बोट इथे लागली होती खरी. माणूस दिसला नाही. आत असेल." त्याने डोकं खाजवलं. "पण एक सांगतो. परत आलो आणि मला वाटलं मी चुकून दुसऱ्या बंदरात आलो. लोक पाईप कसा टाकतात ठाऊक आहे? मेलेल्या सापासारखा. इथे पाईप धुतलेला, गोल गुंडाळलेला, तोंडाला झाकण, आणि खालची फरशीसुद्धा धुतलेली. इतकी वर्षं झाली, असं कोणी केलं नाही. मी दिवसभर तिथे थुंकलोसुद्धा नाही."

बाई हसल्या नाहीत. त्या परत चालायला लागल्या, आणि या वेळी थेट आबांच्या घराकडे.

•

घर धक्क्याच्या मागेच होतं. आबांनी त्यांना चहा दिला, स्वतः घेतला, आणि आपली कपबशी लगेच विसळून फडक्यावर पालथी घातली. बाईंची अजून अर्धी होती. ते त्या कपाकडे बघत उभे राहिले.

"आबा, सुनेबद्दल काय वाटतं?"

"गुणी आहे. माझ्या मुलापेक्षा बोट चांगली चालवते."

"मग कॉक कशी विसरली?"

"माणूस आहे. विसरतं. डोक्यात शंभर गोष्टी, पोरगी लहान. आणि कॉकही जुने झालेत हो, झिजलेत. बोटच म्हातारी. तुम्ही तसं लिहा ना. म्हातारी बोट होती, बुडाली. कोणाला नावं ठेवायची गरज काय?"

"कॉक नवे आहेत. मिस्त्री म्हणाला, दोन वर्षंही झाली नाहीत."

आबांनी फडक्यावरची बशी सरळ केली. मग म्हणाले, "चहा गार होतोय."

"रविवारी कुठे होतात?"

"फिरायला गेलो होतो."

"कुठे?"

"नदीकाठी. या वयात दुसरीकडे कुठे जाणार."

बाईंनी चहा संपवला. कप ठेवण्याआधीच तो त्यांच्या हातातून गेला, आणि धुतला गेला.

•

दुपार उतरत होती. बाईंनी सगळ्यांना बोटीतच बोलावलं. सूनबाई दारात, धाकटा खिडकीशी, मिस्त्री जिन्यावर, बंदर-अधिकारी घड्याळ बघत. आबांना बसायला बाकडं दिलं. त्यांनी आधी ते हाताने पुसलं.

"सुनावणीला उशीर होतोय," अधिकारी म्हणाला.

"सुनावणी इथेच करू. साहेब, तुम्ही बघितलंत, नदीचा कॉक उघडा. तिथे थांबलात. मी शेजारचा पाहिला. तो बंद होता."

"मग?"

"सूनबाई, आटपल्यावर काय करता ते करून दाखवा. विचार न करता."

ती आत गेली. खटका फिरला, आणि दोन्ही कॉकच्या मुठी एका झटक्यात वळल्या. डाव्या हाताने एक, उजव्या हाताने दुसरी. तिने खाली पाहिलंही नाही. मग स्वतःच आपल्या हातांकडे आश्चर्याने बघत राहिली.

"बघितलंत? ती दोन्ही एकदम बंद करते. विसरली असती तर दोन्ही विसरली असती. दोन्ही कॉक उघडे मिळाले असते. एक उघडा आणि एक आवळून बंद, ही विसरलेल्या माणसाची खूण नाही. ही ठरवून केलेल्या कामाची खूण आहे."

धाकट्याने फोन खिशात ठेवला. "म्हणजे बोट बुडवली? कोणी?"

"तेच. आधी टाकी बघू. शनिवारी निम्म्याच्या वर भरलेली. आज धुतलेली. सूनबाईने सोमवारी करायचं ठरवलं होतं, रविवारी ती डॉक्टरकडे. म्हणजे रविवारी कोणी तरी बोट यंत्रापाशी नेली, टाकी ओढली, आत पाणी घालून पुन्हा ओढली, पाईप धुतला, फरशी धुतली, बोट परत जागेवर बांधली. आणि मग नदीचा कॉक उघडला, खटका पाण्यावर केला, टाकीचा कॉक आवळला आणि कुलूप लावून घरी गेला."

"बुडवायचीच होती तर साफ कशाला करायची?" अधिकारी म्हणाला.

"सकाळपासून मी हाच प्रश्न घेऊन फिरतेय. नुकसान करायचं असतं, तर घाण आत आलेली बरीच. मिस्त्रीला काम हवं असतं तर घाणीत जास्त काम. यांना," त्यांनी धाकट्याकडे बोट केलं, "टाकी कुठल्या बाजूला आहे तेच माहीत नाही. म्हणजे हा माणूस असा आहे, की ज्याला बोट बुडायला हवी होती, पण तिच्यात घाण शिरलेली सोसवली नसती. उथळ पाण्यात, बांधलेली, पुन्हा वर काढता येईल अशी बुडवली. आणि वर आली की सगळ्यांच्या आधी आत जाऊन कॉक बंद करायचा होता, म्हणजे दोष म्हाताऱ्या बोटीवर गेला असता. ते साहेबांनी होऊ दिलं नाही."

कोणी आबांकडे पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं.

"आबा?" सूनबाई म्हणाली.

आबांनी सदऱ्याची बाही सरळ केली. "नाव तुझ्यावर येईल असं मला वाटलं नव्हतं."

"पण आलं. सकाळपासून आलंय. तुम्ही तिथे होतात."

"होतो."

"मी स्वतःचा परवाना परत द्यायला निघाले होते. मला वाटलं मी चिमीला बुडवली असती. रविवारी... तुम्ही संध्याकाळी तिला गोष्ट सांगत होतात. तेव्हा बोटीत पाणी भरत होतं?"

आबांनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही, पण हो असावं.

"एकदा सांगायचं होतंत," ती म्हणाली. "जाऊ नका, एवढंच."

"सांगितलं असतं तर तू थांबली असतीस. ओळखतो मी तुला. मन मारून थांबली असतीस आणि रोज सकाळी मला चहा दिला असतास. ते मला नको होतं. बोटच नसती तर कोणाचं मन मारायचा प्रश्न नव्हता." त्यांचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगितल्यासारखा. "मुलगा गेला. हा घरात असून नसल्यासारखा. तुम्ही दोघी गेल्यावर त्या घरात धुवायला एक कप उरतो."

धाकट्याने काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवसातलं त्याचं तेवढंच शहाणपण.

बंदर-अधिकारी खाकरला. त्याला घरातल्या गोष्टींची सवय नव्हती. "हे घरगुती आहे म्हणता? मग मी... म्हातारी बोट असं काहीतरी लिहिता येईल. बाई, तुमचं काय मत?"

"मत तिला विचारा. नाव तिचं लागलंय."

सूनबाईने डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडे होते. "जे झालं तेच लिहा. कोणी उघडला, कोणी बंद केला, सगळं. उद्या शाळेतली पोरं माझ्या बोटीत बसणार आहेत. माझ्याबद्दल अर्धवट लिहिलेलं मला चालणार नाही." ती आबांकडे वळली. "सही कराल ना?"

"करतो," आबा म्हणाले. त्यांनी केली. अक्षर सुरेख होतं.

सगळे एकेक करून खाली उतरले. मिस्त्री पंप सोडवायला लागला. आठवड्यात बोट कोरडी होईल म्हणाला, मग दहा दिवस म्हणाला, मग बघू म्हणाला. तपासनीसबाई धक्क्यावर येऊन उभ्या राहिल्या. काम संपलं होतं, पण पाय थांबायला तयार नव्हते.

बोटीच्या दाराशी आबा अजून उभे होते.

"तुम्ही जाणारच," त्यांनी विचारलं. प्रश्नासारखं नव्हतं ते.

"जाणारच."

"मी यायचं का? त्या दिवशी?"

सूनबाई गाळ उपसत होती. तिने एक बादली भरली, बाहेर ओतली, दुसरी भरली.

"मी तुमच्याशी बोलणार नाही, आबा. कधीपर्यंत ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण दोर सोडायला धक्क्यावर माणूस लागतोच. सकाळी लवकर या."